पाण्याकाठचा मुक्काम

नदी दिसली की तिच्या काठी थांबावंसं वाटतं, आणि थांबलं की तिथंच रात्र काढावीशी वाटते. ही ओढ जुनी आहे. पूर्वी ती मेंढपाळाला होती, गाडीवानाला होती, वारकऱ्याला होती. आता शनिवार-रविवारची सुटी मिळालेल्या शहरातल्या मुलामुलींनाही आहे. पवना धरणाच्या काठावर, भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती सुटीच्या दिवशी रंगीबेरंगी तंबूंची गावंच्या गावं उभी राहतात. पण गाव म्हटलं की रीतभात आली. त्या रीतीबद्दल आज बोलायचं आहे.

मला ती रीत एका मेंढपाळानं शिकवली. आमचं पिंपळगाव रेणुकाई भोकरदन तालुक्यात, मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध. १९८९ चा श्रावण होता. मी बी.ए.ला शिकत होतो. अब्बांनी मला आणि माझ्या एका मित्राला मिरची घेऊन बाजारात पाठवलं होतं. माप व्हायला, पट्टी मिळायला रात्र झाली. परत निघालो तेव्हा हात मिरचीनं पेटलेले आणि पाय थकलेले. पावसानं पंधरा दिवस ओढ दिली होती. रायघोळ नदीत पाण्याची बारीकशी धार, बाकी सगळी वाळू. चांदणं पडलेलं. आम्ही हात पाण्यात बुडवले आणि पोत्यांची घडी उशाला घेऊन तिथंच वाळूत आडवे झालो.

डोळा लागतो न लागतो तोच कुणीतरी काठीनं पाय हलवला. वरच्या पडीक रानात मेंढ्या बसवलेला म्हातारा होता. "पोरांनो, उठा. नदीच्या पोटात निजू नये."

मी म्हणालो, "बाबा, पाऊस कुठाय? आभाळ तर कोरं आहे."

त्यानं काठी उत्तरेकडं केली. "तुमच्या डोक्यावर कोरं आहे. डोंगरावर बघा."

अजिंठ्याच्या डोंगराकडं विजा चमकत होत्या, पण आवाज येत नव्हता. आम्ही कुरकुरत वर गेलो. पहाटेच्या आधी नदी आली. आधी घुमल्यासारखा आवाज आला, मग काटक्या, पालापाचोळा आणि फेस, आणि मागोमाग गढूळ पाणी. आम्ही निजलो होतो ती वाळू दिसेनाशी झाली. म्हातारा एवढंच म्हणाला, "नदी आपल्या जागेवर आली. तुम्ही तिच्या जागेवर होता."

पाण्याकाठच्या मुक्कामाचा पहिला नियम हाच. नदीची जागा नदीला सोडायची. पाऊस आपल्यावर पडत नसला, तरी वर कुठं पडतो आहे हे पाहायचं. आता त्यात धरणाची भर पडली आहे. धरणातून पाणी सोडलं की खालच्या पात्रात तासाभरात चित्र पालटतं. वर्तमानपत्रात आपण वाचतो, 'दहा हजार क्युसेक विसर्ग'. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ पावणेतीन लाख लिटर. धरणाचा भोंगा वाजला की सामान आवरत बसायचं नाही, आधी माणसं वर न्यायची. तंबू टाकताना काठावरची ओली रेघ, झुडपांना अडकलेला जुना कचरा पाहून घ्यावा. पूर कुठवर चढला होता ते नदीनं तिथं लिहून ठेवलेलं असतं. त्याच्याही वर झोपावं.

३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. दिवसाउजेडी, लोकांच्या डोळ्यांदेखत. त्यानंतर प्रशासनानं पर्यटनस्थळांवर मनाईचे आदेश काढले. असे आदेश निघाले की आपण वैतागतो, 'मजेवर बंदी' म्हणतो. उजेडात ही गत, तर अंधारात झोपेत असलेल्या माणसाचं काय होईल, याचा विचार त्या आदेशामागं असतो.

दुसरी रीत परवानगीची. पाण्याकाठची मोकळी जागा कुणाचीच नसते, असं आपल्याला वाटतं. ती कुणाची तरी असतेच. धरणाची जमीन सहसा जलसंपदा विभागाची, जंगल वन विभागाचं, शेत शेतकऱ्याचं. आमच्या मराठवाड्यातला नाथसागर पाहा. जायकवाडीचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथं दूरदेशीचे पक्षी उतरतात. तिथं रात्री कुणी कुठं थांबावं हे वन खातं ठरवतं, आपली हौस नव्हे. मेंढपाळसुद्धा शेतकऱ्याला विचारल्याशिवाय रानात मेंढ्या बसवत नाही. शेताला खत मिळतं, त्याला धान्य किंवा पैसे मिळतात. स्वीडनमध्ये तर परक्या माणसाच्याही जमिनीवर, घरापासून अंतर राखून, एखादी रात्र तंबू ठोकायची मुभा जुन्या रिवाजानं आहे. पण तिची अट दोन शब्दांत सांगतात : त्रास नको, नासधूस नको. ही अट पाळली जाते म्हणून ती मुभा टिकली.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. पाण्यावर आता वाऱ्याचे खेळ आले आहेत. विंडसर्फिंग म्हणजे फळीवर उभं राहून, हातात शीड धरून वाऱ्यावर धावणं. पुण्याजवळ खडकवासल्याच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाचे खेळ शिकतात. अमेरिकेत कोलंबिया नदीच्या घळीतलं हूड रिव्हर हे गाव तर या खेळासाठी जगभर ओळखलं जातं. उन्हाळ्यात आतला कोरडा प्रदेश तापतो आणि समुद्राकडची गार हवा त्या घळीतून आत ओढली जाते, म्हणून तिथं वारा हुकमी. अशा काठावर मुक्काम करणाऱ्यानं एक भान ठेवायचं असतं. शीड पसरायची आणि फळी पाण्यात उतरवायची जागा मोकळी सोडायची. तिथं तंबू, गाडी, चूल काही नको. तंबूच्या दोऱ्या अंधारात पायात येतात, त्यांना पांढरी चिंधी बांधावी.

आणि वारा रात्री फिरतो. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा पाण्याकडून जमिनीकडं येतो. रात्री जमीन लवकर निवते, वारा उलटतो. कोकणातले कोळी याला खारे वारे आणि मतलई वारे म्हणतात. मोठ्या जलाशयावरही हा खेळ कमी प्रमाणात चालतो. म्हणजे रात्री गंमत म्हणून होडीत किंवा हवा भरलेल्या ट्यूबवर बसलेला माणूस नकळत काठापासून दूर जाऊ शकतो. सूर्य मावळला की पाण्यात उतरायचं नाही, आणि दारू प्यायलेल्यानं तर पाण्याच्या जवळही जायचं नाही.

चौथी गोष्ट विस्तवाची. इथं माझा आवाज थोडा कापतो. काही वर्षांपूर्वी माझा भाचा मित्रांबरोबर एका धरणाच्या काठावर गेला होता. रात्री पाऊस आला, गारठा वाढला. मुलांनी निखाऱ्यांची शेगडी तंबूत घेतली आणि चेन लावून झोपली. एकाला लघवीला जाग आली. त्याला उठवेना, डोकं फुटल्यासारखं दुखत होतं. तो कसाबसा सरपटत बाहेर पडला, चेन उघडी राहिली, हवा आत गेली. म्हणून पाचही मुलं घरी आली. भाचा मला म्हणाला, "मामू, धूर तर अजिबात नव्हता." धूर नव्हता म्हणूनच कळलं नाही. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो आणि झोपलेला माणूस उठतच नाही. म्हणून शेगडी, चूल, निखारे तंबूत कधीही नेऊ नका. थंडी वाजली तर आणखी एक पांघरूण घ्या.

पाचवी रीत आवाजाची. रात्री पाण्यालगतची हवा गार आणि वरची थोडी उबदार असते. त्यामुळं आवाज वर न जाता वाकून परत खाली येतो आणि दूरवर पोचतो. अलीकडं हळू वाटणारं गाणं पलीकडच्या वस्तीवर आजारी माणसाला, पहाटे दूध काढायला उठणाऱ्या बाईला जागवतं.

सहावी स्वच्छतेची. पाण्यापासून निदान दोनशे फूट लांब शौचाला जावं, खड्डा करावा, माती लोटावी. साबण, भांडी, कपडे नदीत नकोत, पाणी भरून लांब नेऊन धुवावं. आम्हाला लहानपणी वजू शिकवताना सांगत, वाहत्या नदीकाठी बसला असलात तरी पाणी वाया घालवू नका. नदीला पाणी कमी पडत नसेल, सवय आपल्याला लागायची असते. पंढरपूरकडं पाहा. चंद्रभागेच्या वाळवंटातल्या राहुट्या-तंबूंमुळं नदीची दैना होऊ लागली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानं निर्बंध घातले. पुढं नदीपलीकडं ६५ एकर जागेवर वारकऱ्यांच्या मुक्कामाची सोय झाली, नळ आणि शौचालयांसकट. शेकडो वर्षांची भक्ती नदीसाठी जागा बदलू शकते, तर आपला एका रात्रीचा तंबू का नाही?

त्या पहाटे म्हाताऱ्यानं आम्हाला बिनदुधाचा चहा पाजला. निघताना चुलीच्या विस्तवावर पाणी ओतलं, राखेत हात घालून ती गार झाल्याची खात्री केली आणि तिन्ही दगड उचलून बांधाला ठेवले. मी विचारलं, "बाबा, उद्या परत इथंच येणार नाही का?"

"मी नाही आलो तरी कुणीतरी येईलच की," तो म्हणाला.

मुक्कामाचे सगळे नियम मला त्या वाक्यात सापडले. आपण उठून गेल्यावर तिथं कुणी येणार आहे. माणूस येईल, मेंढरं येतील, आणि कधीतरी रात्री नदीही येईल.