शाई नाही, रंग नाही, तरी चित्र!

दोस्तांनो, घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असेल, तर त्यातली गणपतीचं चित्र वर उठून आलेली एक पत्रिका शोधा. डोळे मिटा आणि तिच्यावरून बोट फिरवा. सोंड कुठे वळते, मुकुट कुठे संपतो, सगळं बोटाला कळतं. आता पत्रिका उलटी करा. पुढे जिथे उंचवटा होता, तिथेच मागे खळगा आहे. म्हणजे हा गणपती कागदावर चिकटवलेला नाही, तो कागदातूनच वर आलाय!

छापखान्यात याला एम्बॉसिंग म्हणतात. तिथे धातूचे दोन ठसे असतात, एक खोलगट आणि दुसरा त्यात नेमका बसणारा उंच. दोघांच्या मध्ये कागद ठेवायचा आणि यंत्राने दाबायचा. आपल्याकडे यंत्र नाही, पण त्यावाचून अडत नाही. शाई, पावडर, उष्णता काहीही न वापरता घरच्या घरी असा ठसा उठवता येतो. त्याला कोरडं एम्बॉसिंग म्हणतात.

नवी मुंबईत राहत असाल तर चित्र कुठलं काढायचं हा प्रश्नच नको. फ्लेमिंगो! लांब मान, काटकुळे पाय आणि खाली वाकलेली चोच. नेरुळच्या पाणथळीत हे पाहुणे उतरले की अख्खं शहर बघायला जातं. शिवाय त्याची बाह्यरेषा इतकी ठळक आहे की नुसती कड उमटली तरी पक्षी ओळखू येतो.

आधी साचा हवा. त्यासाठी कपाटात पडलेली जुनी एक्स-रे फिल्म घ्या (घरच्यांना विचारून हं, डॉक्टरांना पुन्हा दाखवायची असेल तर ती नको). ही फिल्म पातळ असते, पण कडक असते आणि काळपट असल्याने उजेड अडवते. हा तिचा गुण पुढे फार उपयोगी पडणार आहे. तिच्यावर फ्लेमिंगो काढा आणि कटरने आतला आकार मोठ्या माणसाकडून कापून घ्या. फिल्म नसेल तर फाइलचं प्लास्टिकचं कव्हर चालेल. कापाकापीच नको असेल तर रांगोळीचा मोठ्या भोकांचा छाप किंवा कंपासपेटीतली आकारांची पट्टीही चालेल.

आता एक पारदर्शक प्लास्टिकचा डबा उपडा ठेवा आणि आत मोबाइलची बॅटरी लावून ठेवा. झाली तुमची उजेडाची पेटी. काही जण खिडकीच्या काचेवर कागद धरतात, पण उंच मजल्यावर राहणाऱ्यांनी डबाच घ्यावा. खिडकीच्या कट्ट्यावर चढायचं नाही म्हणजे नाही. डब्यावर साचा चिकटपट्टीने बसवा, त्यावर जाडसर पांढरा ड्रॉइंग पेपर ठेवा आणि तोही दोन कोपऱ्यांत चिकटवा. खालून उजेड आला की काळ्या फिल्ममधून कापलेला फ्लेमिंगो कागदावर लख्ख दिसतो.

दाबायला संपलेल्या बॉलपेनचं टोक घ्या. त्यातली शाई खरंच संपली आहे ना, हे आधी रद्दी कागदावर गिरवून बघा. विणकामाची बोथट सुईही छान चालते. कागदाच्या ज्या बाजूने दाबणार, तिच्यावर पांढरी मेणबत्ती हलकेच घासा, म्हणजे टोक अडकत नाही, कागद खरवडत नाही. मग साच्याच्या आतल्या कडेला टोक लावून हळूहळू, दोन-तीन वेळा फिरवा. मधली जागा घासायची गरज नाही. कागद वाकतो तो कडेपाशी, त्यामुळे कड नीट दाबली गेली की मधला भाग आपोआप उचलल्यासारखा दिसतो. चोचीच्या टोकापाशी घाई करू नका, तिथेच कागद फाटतो.

कागद सोडवा आणि उलटा करा. पांढऱ्या कागदावर पांढराच पक्षी! एक गंमत लक्षात आली का? गिरवताना त्याचं तोंड डावीकडे होतं, आता ते उजवीकडे आहे. आपण मागून दाबतो आणि पुढून बघतो, म्हणून चित्र आरशातल्यासारखं उलटतं. पक्ष्याला त्याने फरक पडत नाही, पण साच्यात तुमचं नाव कापलं असेल तर साचा आधी पालथा करून लावावा लागेल. ही उलटापालट विसरू नका, आपल्याला ती पुन्हा भेटणार आहे.

पण कागद दबलेला का राहतो? रबर दाबलं तर ते परत फुगतं, कागद का नाही फुगत? कागद भिंगातून पाहिला तर तो सपाट पत्रा नसून बारीक तंतूंची गुंतवळ असल्याचं दिसतं, शेवया ताटात थापून वाळवल्यासारखी. हे तंतू सेल्युलोजचे, म्हणजे झाडाच्या पेशींच्या भिंती ज्या पदार्थाच्या असतात त्याचे. जिथे तंतू एकमेकांना चिकटतात तिथे त्यांच्यात नाजूक बंध असतात. कागद हलकेच वाकवला तर तंतू ताणतात आणि सोडल्यावर सरळ होतात. या गुणाला स्थितिस्थापकता म्हणतात. पण एका मर्यादेपलीकडे दाबला की काही बंध सुटतात, तंतू घसरतात आणि नव्या जागी अडकून बसतात. मग परत फिरणं नाही. तुमच्या फ्लेमिंगोची कड म्हणजे तंतू घसरल्याची खूण.

आता प्रश्न असा, की बोटाने दाबून हे का जमत नाही? हात तोच, जोर तोच. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. बोटाचं टेकलेलं क्षेत्रफळ साधारण 1 चौरस सेंटिमीटर धरू आणि पेनाच्या टोकाचं 1 चौरस मिलिमीटर. एका चौरस सेंटिमीटरमध्ये 100 चौरस मिलिमीटर मावतात, म्हणजे तेवढ्याच जोरात टोकाखालचा दाब शंभर पट! एक किलोच्या वजनाइतका जोर एका चौरस मिलिमीटरवर लावला, तर तिथला दाब हवेच्या दाबाच्या जवळजवळ शंभर पट होतो. समुद्रात एक किलोमीटर खोल गेल्यावर पाण्याचा दाब सुमारे तेवढाच असतो. हे सगळं तुमच्या अभ्यासाच्या टेबलावर, एका रिकाम्या रिफिलच्या टोकाखाली! तुलना करायची असेल तर साच्यावर कागद, कागदावर रुमाल ठेवून लाटणं फिरवून बघा. जोर जास्त लागेल आणि ठसा पुसट येईल.

नवी मुंबईच्या पावसाळ्यात मात्र हा खेळ थोडा वेगळा वागतो. कागद हवेतला ओलावा पितो. पाण्याचे रेणू तंतूंच्या मध्ये शिरतात, बंध ढिले होतात आणि कागद मऊ पडतो. मऊ कागद सहज दबतो, पण उठवलेला ठसा दमट हवेत हळूहळू बसतोही. म्हणून जुलैत केलेलं कार्ड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वर पुस्तकांचा ढीग ठेवू नका. लांब तंतूंचा कागद ताण अधिक सोसतो. पुण्याच्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांपासून कागद बनवतात, तसला मिळाला तर त्यावर खोल ठसाही सहसा फाटत नाही. धातूचं तर विचारूच नका. अनेक मराठी घरांच्या देवघरात खंडोबाचा किंवा भवानीचा चांदीचा टाक असतो. तोही चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकूनच उठवलेला असतो. पिढ्या जातात, तरी तो पावसाळ्यात बसत नाही.

आता खोलीतले दिवे बंद करा आणि मोबाइलची बॅटरी कागदाच्या अगदी कडेला, आडवी धरा. मघाशी जेमतेम दिसणारा पक्षी एकदम उठून येतो! पांढऱ्यावर पांढरं चित्र आपल्याला दिसतं ते फक्त सावल्यांमुळे. उजेड वरून सरळ पडला तर सावल्या आखूड होतात आणि चित्र हरवतं. चंद्रावरचे खळगे पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवर स्पष्ट दिसतात, त्याचं कारणही हेच, तिथे ऊन तिरपं पडतं. आणखी एक करा. उजेड फ्लेमिंगोच्या डोक्याच्या बाजूने येईल असा धरून फोटो काढा आणि फोटो उलटा फिरवून बघा. उंच पक्षी खोल गेल्यासारखा वाटेल! उजेड नेहमी वरून, सूर्याकडून येतो असं आपला मेंदू गृहीत धरतो, आणि सावली भलत्या बाजूला दिसली की उंच-सखल यांची अदलाबदल करून टाकतो.

पांढऱ्यावर पांढऱ्याची ही अडचण एका प्रसिद्ध तिकिटालाही आली होती. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि तिथले आयुक्त होते बार्टल फ्रिअर, जे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांनी 1 जुलै 1852 रोजी अर्ध्या आण्याचं एक गोल तिकीट काढलं, सिंध डाक. आशियातलं हे पहिलं टपाल तिकीट, आणि ते शाईने छापलेलं नव्हतं, दाबून उठवलेलं होतं! आधीचं लाल तिकीट ठिसूळ, पटकन तडकायचं. मग पांढऱ्या कागदावर बिनशाईचा ठसा उठवला, पण तो दिव्याच्या उजेडात चटकन दिसेना. शेवटी निळं आलं. 1854 मध्ये सगळ्या देशासाठी तिकिटं निघाली आणि सिंध डाक बंद झालं.

डोळ्यांना जो ठसा अवघड जातो, तो बोटांना मात्र अंधारातही सोपा असतो. इथे मला तुम्हाला एका मुलाबद्दल सांगायचंय. फ्रान्समधल्या कूप्व्रे गावात 4 जानेवारी 1809 रोजी लुई ब्रेल जन्मला. वडील घोड्यांचं चामडी सामान शिवायचे. तीन वर्षांचा लुई त्यांच्या आरीशी खेळताना डोळ्याला जखम करून बसला, जखम चिघळली आणि दोन्ही डोळे गेले. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत गेला. तिथली पुस्तकं एम्बॉसिंगचीच होती. नेहमीची अक्षरं मोठी करून, ओल्या जाड कागदावर दाबून उठवलेली. पुस्तकं अवजड, वाचन संथ, आणि मुलांना स्वतः लिहायचं म्हटलं तर काहीच सोय नाही. पुढे चार्ल्स बार्बिये यांची बारा ठिपक्यांची लिपी शाळेत आली. लुईने तिच्यावर काम करून बाराचे सहा ठिपके केले, इतके लहान की एक अक्षर बोटाच्या एका टोकाखाली मावावं. तेव्हा तो फक्त 15 वर्षांचा होता. 1829 मध्ये त्याने ही लिपी पुस्तकरूपाने मांडली. जगातल्या लाखो मुलांना लिहिता-वाचता येऊ लागलं ते एका शाळकरी मुलाच्या कामामुळे, आणि मला वाटतं, कागदावर केलेलं याहून मोठं काम शोधून सापडणार नाही.

ब्रेल लिहायच्या पाटीत कागद दोन पट्ट्यांमध्ये धरतात आणि बोथट टोकाने एकेक ठिपका खालच्या खळग्यात दाबतात. म्हणजे तुम्ही आत्ता केलंत तेच! आणि मघाची उलटापालटही इथे आहेच. लिहायचं उजवीकडून डावीकडे, आणि कागद उलटा करून वाचायचं डावीकडून उजवीकडे.

भारतीय भाषांसाठी 1951 मध्ये भारती ब्रेल स्वीकारली गेली. तिच्यात ‘कमल’ लिहून बघू. प्रत्येक अक्षराला दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन जागा. वाचताना डाव्या ओळीत वरून खाली 1, 2, 3 आणि उजव्या ओळीत 4, 5, 6. क म्हणजे 1 आणि 3. म म्हणजे 1, 3 आणि 4. ल म्हणजे 1, 2, 3. गंमत म्हणजे इंग्रजी ब्रेलमध्ये के, एम आणि एल यांचे ठिपके अगदी हेच आहेत. सारख्या उच्चारांना शक्यतो सारखेच ठिपके द्यायचे, असं ठरवूनच ही लिपी बांधलीय. आलेखाच्या कागदावर दोन ठिपक्यांमध्ये अडीच मिलिमीटर अंतर आखा, तो जाड कागदावर ठेवा, खाली जुना माउसपॅड घ्या आणि दाबा. भोक पाडायचं नाही, फुगवटा आणायचा. ओळ उजवीकडून सुरू करायची आणि 1, 2, 3 ही ओळ उजव्या हाताला घ्यायची, विसरू नका.

मराठीत अशा ठिपक्यांचं पाक्षिकही निघालं. स्वागत थोरात यांनी 15 फेब्रुवारी 2008 रोजी ‘स्पर्शज्ञान’ सुरू केलं, मराठीतलं पहिलं ब्रेल पाक्षिक. शाईचा एक थेंब नाही, आणि पानं भरून मजकूर!

तेव्हा या सुट्टीत एक कार्ड करा. पुढे फ्लेमिंगो, आत ब्रेलमध्ये नाव. झाल्यावर डोळे मिटून बोटाने तपासा. आणि तुमच्या ओळखीत ब्रेल वाचणारं कुणी असेल, तर पहिलं कार्ड त्यांच्याच हातात द्या आणि कुठला ठिपका चुकला, कुठला नीट उठला नाही, ते त्यांनाच विचारा.