सावडीने घडलेली भाषा

मृगाचा पाऊस पडून जमीन वाफशावर आली, की बुलढाणा जिल्ह्यातील शेतशिवारे माणसांनी गजबजून जातात. पेरणीला उशीर झाला तर वर्षाचे पीक हातचे जाते. आणि एकट्या घराच्या बळावर सारे शेत वेळेत पेरून होतेच असे नाही. अशा वेळी शेतकरी पूर्वापार सावड करीत आले आहेत. आज एकाच्या शेतात सारे राबतात, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी कोणी मागत नाही. पण जो दुसऱ्याच्या कामाला जातो, त्याचे स्वतःचे कामही अडून राहत नाही.

अशाच सावडीने देशोदेशींच्या हजारो माणसांनी मिळून एक भाषा घडविली आहे. ती माणसांनी आपापसांत बोलावयाची भाषा नव्हे. संगणकाला काम सांगण्यासाठी जी भाषा वापरतात, त्या प्रकारची ती आहे. तिचे नाव पायथन.

संगणकाला स्वतःची बुद्धी नसते. जेवढे सांगावे तेवढेच तो करतो. मात्र ते अतिशय जलद आणि न कंटाळता करतो. बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत. ह्या सर्व तालुक्यांत रोज पडलेल्या पावसाची बेरीज करून सरासरी काढावयाची असेल, तर तसे करण्याच्या सूचना संगणकाला क्रमवार लिहून द्याव्या लागतात. सूचनांच्या ह्या मालिकेला आज्ञावली म्हणतात. आज्ञावली ज्या भाषेत लिहितात, तिचेही व्याकरण असते, नियम असतात. एखादा कंस विसरला, तरी संगणक तेथेच अडून बसतो.

पायथनचा जन्म हॉलंडमधील ॲमस्टरडॅम शहरात झाला. तेथील गणित व संगणकशास्त्राच्या एका संशोधनसंस्थेत गीडो व्हॅन रॉसम नावाचे तरुण संशोधक काम करीत होते. १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत त्यांनी एक नवी, सुटसुटीत संगणकभाषा रचावयास घेतली. वाचणाऱ्याला ती सहज समजावी, हा त्यांचा हेतू होता. एका विनोदी इंग्रजी कार्यक्रमाच्या नावावरून त्यांनी तिचे नाव ठेवले. अजगराशी त्या नावाचा मुळात काही संबंध नव्हता. १९९१ च्या फेब्रुवारीत त्यांनी ही भाषा सर्वांसाठी खुली केली.

खुली करणे म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. कित्येक आज्ञावल्या कुलूपबंद पेटीसारख्या असतात. त्या पैसे देऊन वापरता येतात. पण त्यांच्या आत काय आहे, हे पाहण्याची मुभा नसते. पायथनचे तसे नाही. तिची सारी अंतर्गत रचना कोणालाही वाचता येते, फुकट घेता येते, तपासता येते आणि तिच्यात दुरुस्तीही सुचविता येते. अशा आज्ञावलीला मुक्तस्रोत म्हणतात. शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पायथन जेवढी मोकळी आहे, तेवढीच ती अमेरिकेतील धनाढ्य कंपनीलाही आहे.

भाषा पुष्कळ लोक वापरू लागले, की तिच्यातील उणिवाही उघड होतात. समजा, एके दिवशी लोणारला ४ सेंटीमीटर आणि मेहकरला ३ सेंटीमीटर पाऊस पडला. दोहोंची बेरीज ७. तिला २ ने भागले, की सरासरी साडेतीन येते. परंतु जुन्या पायथनला ७ भागिले २ असे विचारले, तर ती ३ हेच उत्तर देत असे! दोन पूर्ण संख्यांचा भागाकारही पूर्णच असावा, असा तिचा नियम होता. नियम माहीत असणारा जाणकार सावध राही. नवखा मात्र फसे, आणि उत्तर चुकले आहे हे त्याच्या ध्यानातही येत नसे. अशा आणखीही काही उणिवा होत्या.

त्या दूर करण्यासाठी २००८ च्या डिसेंबरात पायथनची तिसरी पिढी प्रसिद्ध झाली. तिच्यात ७ भागिले २ म्हणजे ३.५ असे सरळ उत्तर मिळू लागले. पण एक मोठी अडचण उभी राहिली. जुन्या नियमांप्रमाणे लिहिलेल्या पुष्कळ आज्ञावल्या नव्या पायथनमध्ये चालेनात. कारखान्यांत, प्रयोगशाळांत, कचेऱ्यांत वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेले काम एका रात्रीत कसे बदलावयाचे? काही म्हणाले, “जुने चांगले चालले आहे, ते का मोडता?” दुसरे म्हणाले, “चूक दिसत असूनही ती तशीच पुढच्या पिढीच्या गळ्यात का बांधावयाची?” दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते.

गावातील जुना पूल पाडून नवा बांधावयाचा असेल, तर शहाणे लोक आधी वाहतुकीची पर्यायी सोय करतात. पायथनच्या कार्यकर्त्यांनी तेच केले. जुन्या पिढीची २.७ ही अखेरची आवृत्ती त्यांनी २०१० साली काढली आणि तिची देखभाल चालू ठेवली. जुनी आज्ञावली नव्या नियमांत बसवून देणारी साधनेही त्यांनी तयार केली. प्रथम ही देखभाल २०१५ पर्यंत करावयाचे ठरले होते. पण पुष्कळ लोक अजून मागे आहेत, असे दिसताच ती मुदत ५ वर्षांनी वाढविण्यात आली. अखेर १ जानेवारी २०२० रोजी जुन्या पिढीची देखभाल संपली. एका बदलाला सुमारे ११ वर्षे लागली! ह्या अनुभवावरून कार्यकर्ते एक धडा शिकले: सुधारणा करावी, परंतु ती पायरीपायरीने करावी, आणि मागून येणाऱ्यांची वाट पाहावी.

ह्या नव्या पिढीने मराठी मुलांसाठीही एक दार उघडले. जगातील सर्व लिप्यांतील अक्षरांना ठराविक क्रमांक देण्याची युनिकोड नावाची पद्धत आहे. देवनागरीचाही तिच्यात समावेश आहे. तिसऱ्या पिढीच्या पायथनने साऱ्या मजकुरासाठी हीच पद्धत स्वीकारली. त्यामुळे आज्ञावलीत एखाद्या संख्येला ‘पाऊस’ किंवा ‘मेहकर’ असे नाव देवनागरीत देता येते. एवढेच नव्हे, तर देवनागरी अंकांत लिहिलेला ‘१२’ हा मजकूर संख्येत बदलण्यास सांगितले, तर पायथन त्याची बरोबर बारा ही संख्या करते. भाषेचे मूळ शब्द मात्र अजूनही इंग्रजीच आहेत, आणि आज्ञावलीतील संख्या थेट लिहिताना इंग्रजी अंकच वापरावे लागतात.

भाषेत कोणता बदल करावयाचा, हे ठरवितो कोण? बदल सुचविणाऱ्याने आपले म्हणणे, त्याची कारणे आणि त्यावरील आक्षेप असे सारे लिहून मांडावयाचे, अशी पायथनची रीत आहे. अशा प्रत्येक प्रस्तावाला क्रमांक मिळतो आणि त्यावर सर्वांसमक्ष चर्चा होते. पूर्वी अखेरचा निर्णय व्हॅन रॉसम ह्यांचा असे. २०१८ साली एका लहानशा चिन्हाच्या प्रस्तावावरून फार कडाक्याचा वाद झाला. प्रस्ताव संमत झाला. पण त्या वादाने थकून व्हॅन रॉसम ह्यांनी जुलै महिन्यात नेतृत्व सोडले. आपल्यामागे कोणाला नेमावे, हे त्यांनी सांगितले नाही. ते त्यांनी सहकाऱ्यांवर सोपविले.

आता भाषेचे काय होणार, अशी चिंता अनेकांना वाटली. परंतु सहकारी एकत्र बसले, निरनिराळ्या राज्यपद्धतींचा त्यांनी विचार केला आणि मतदान घेऊन पाच जणांचे मंडळ निवडावयाचे ठरविले. २०१९ च्या आरंभी पहिले मंडळ निवडून आले. एकाच कंपनीत नोकरी करणारे दोनांहून अधिक सभासद मंडळात नसावेत, असाही नियम त्यांनी केला. कारण सर्वांच्या विहिरीवर एकाच घराचा हक्क लागू नये. एका माणसाने लावलेले रोप अशा रीतीने पंचांच्या हाती आले.

आता दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात पायथनची नवी आवृत्ती प्रसिद्ध होते. तत्पूर्वी कित्येक महिने कच्ची आवृत्ती परीक्षणासाठी सर्वांपुढे ठेवलेली असते. कोणी तिच्यातील दोष शोधतो, कोणी तो दुरुस्त करतो, कोणी माहितीपुस्तिका लिहितो, तर कोणी तिचे भाषांतर करतो. आवृत्तीच्या क्रमांकालाही अर्थ असतो. ३.१३.२ ह्या क्रमांकातील ३ हा पिढीचा, १३ हा त्या वर्षीच्या आवृत्तीचा आणि २ हा तिच्यातील दुरुस्तीचा अंक होय. एकदा प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीची देखभाल सुमारे ५ वर्षे केली जाते.

ह्या कामात भारतीयही मागे नाहीत. भारतातील पायथन वापरणाऱ्यांचे पहिले राष्ट्रीय संमेलन २००९ साली बंगळुरूला भरले, आणि २०११ साली ते पुण्यास झाले. मुंबईच्या आय. आय. टी.ने मुक्तस्रोत साधने शिकविणारे छोटे दृक्‌श्राव्य पाठ तयार केले असून, त्यांपैकी अनेक पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. दूर अंतराळातून येणाऱ्या गुरुत्वलहरींचा वेध घेणाऱ्या लायगो प्रकल्पाने आपली निरीक्षणे सर्वांना खुली केली आहेत आणि ती कशी अभ्यासावीत, हे दाखविणाऱ्या आज्ञावल्या पायथनमध्ये दिल्या आहेत. अशीच एक वेधशाळा महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यात उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली.

सावडीला एक अट असते. घेतलेले परत करावे लागते. केवळ घेणाऱ्याला पुढच्या पेरणीला कोणी हाक मारीत नाही. पायथनची सक्ती मात्र कोणावर नाही. ती वापरणाऱ्यांपैकी फार थोडे लोक तिच्यासाठी राबतात, आणि त्यांतील बहुतेकांना त्याचे वेतन मिळत नाही. असे असूनही दर ऑक्टोबरात नवी आवृत्ती येते, कारण आपल्याला सापडलेला दोष दुसऱ्याच्या वाटेत राहू नये, असे वाटणारी माणसे अजून आहेत. उद्या लोणारच्या किंवा शेगावच्या एखाद्या मुलीला माहितीपुस्तिकेत एखादी चूक आढळली, तर ती दुरुस्त करून पाठविण्याचा तिचा अधिकार इतर कोणाहूनही कमी नाही.