कच्च्या वाटेवरची सायकलस्वारी : गोव्याच्या खाजनांतून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत

सायकल हे वाहन गोव्याच्या खेड्यांना नवे नाही. पहाटे भोंगा वाजवीत पाव घेऊन येणारा पोदेर, मासळीची टोपली मागे बांधून वाड्यावाड्यांवर फिरणारा विक्रेता, टपालाची थैली वाहणारा पोस्टमन आणि शाळेची वाट तुडविणारी मुले यांनी गावोगावच्या मातीच्या वाटा पिढ्यान्‌पिढ्या सायकलने पार केल्या आहेत. नवे आहे ते एवढेच की, अशा कच्च्या वाटांवरून हौसेने, व्यायामासाठी व प्रदेश पाहण्यासाठी सायकल चालविण्याचा एक स्वतंत्र प्रकार अलीकडे जगभर रूढ झाला आहे. ‘ग्रॅव्हल बायकिंग’ या नावाने तो ओळखला जातो. खडी, मुरूम, माती किंवा जांभ्याचा चुरा पसरलेल्या, डांबर न पडलेल्या वाटांवरून लांब पल्ल्याचा प्रवास करणे, हे त्याचे सोपे वर्णन होय.

या छंदाचे मर्म काय, त्यासाठी सायकल कशी लागते, गोव्याची भूमी त्यास कितपत अनुकूल आहे आणि तो करताना गावकऱ्यांच्या शेतीला व बांधांना धक्का कसा लागू नये, याची माहिती ग्रामस्थ, शिक्षक व पंचायतींचे कार्यकर्ते या सर्वांना उपयुक्त ठरेल.

छंदाचा उगम

या प्रकाराला क्रीडेचे रूप प्रामुख्याने अमेरिकेत आले. तेथील कॅन्सस राज्यात फ्लिंट हिल्स नावाचा टेकड्यांचा गवताळ प्रदेश आहे. जमिनीत गारगोटीसारखे कठीण दगड असल्यामुळे तेथे नांगर फारसा चालला नाही. गवत टिकले आणि गुराख्यांच्या खडीच्या वाटाही टिकल्या. या वाटांवर एम्पोरिया या गावाहून २००६ साली दोनशे मैलांची सायकल शर्यत सुरू झाली. पुढे असे उपक्रम अनेक देशांत वाढले आणि २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरविण्यात आली.

इटलीतील एक उदाहरण त्याहूनही बोलके आहे. तोस्काना प्रांतातील द्राक्षमळ्यांमधून पांढऱ्या चुनखडीच्या वाटा जातात. त्या एकामागून एक डांबराखाली जाऊ लागल्या, तेव्हा त्यांचे जतन व्हावे या हेतूने १९९७ साली जुन्या सायकलींची एक फेरी तेथे सुरू झाली. आज दूरदूरचे लोक त्या वाटांसाठीच तेथे येतात. येथे इतिहासाची एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. १८८० साली अमेरिकेत सायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तेव्हा तिची एक मोठी मागणी चांगल्या, पक्क्या रस्त्यांची होती. ज्या सायकलस्वारांनी पक्क्या रस्त्यांसाठी चळवळ केली, त्यांचेच वारस शंभर वर्षांनंतर कच्च्या वाटा राखण्याविषयी बोलू लागले. कारण उघड आहे. पक्क्या रस्त्यावर मोटारी आल्या, त्यांचा वेग वाढला आणि सायकलस्वारास कडेला सरकावे लागले.

सायकल कशी असावी

या छंदासाठी परदेशी बनावटीची महागडी सायकल हवीच, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. शर्यतीच्या सायकलचे टायर सुमारे २५ ते २८ मिलिमीटर रुंद असतात व त्यांत हवा कडक भरलेली असते. कच्च्या वाटेवरच्या सायकलला ३५ ते ५० मिलिमीटर रुंदीचे टायर लागतात. आपल्याकडे घरोघरी असलेल्या साध्या काळ्या सायकलचा ‘अठ्ठावीस दीड’ टायर सुमारे ४० मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे आज जे माप नवे म्हणून सांगितले जाते, ते पोदेराच्या आणि पोस्टमनच्या सायकलीस पूर्वीपासूनच आहे.

रुंद टायरचे कार्य समजून घेणे सोपे आहे. स्वार व सायकल यांचे वजन मिळून ९० किलो आहे असे धरू. टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ६ किलो असेल, तर दोन्ही टायर मिळून सुमारे १५ चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकतात. तोच दाब ३ किलो ठेवला, तर ३० चौरस सेंटिमीटर टेकतात. जमिनीवरची पकड वाढते, चाक मातीत रुतत नाही आणि खड्याचा धक्का हवेतच जिरतो. गुळगुळीत डांबरावर कडक चाक वेगाने धावते हे खरे. परंतु खडीवर तेच चाक प्रत्येक दगडावरून उडते आणि स्वाराची शक्ती त्या उडण्यातच खर्च होते. मात्र हवा फारच कमी केल्यास दगडावर आपटून ट्यूब चिमटली जाते व पंक्चर होते, म्हणून मध्यम प्रमाण साधावे लागते.

दुसरी गरज चढणीची. सपाट प्रदेशात एका वेगाची सायकल पुरते. डोंगराळ वाटेवर मात्र पॅडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक एकदाच किंवा त्याहून कमी फिरेल, इतका हलका गिअर असल्यास छाती न भरता चढता येते. ज्यांच्या सायकलला गिअर नाहीत त्यांनी चढावर उतरून सायकल हाती धरून चालावे; त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. तिसरी गरज ब्रेकची. उताराला लागण्यापूर्वी दोन्ही ब्रेकचे रबर तपासावे, उतरताना शरीराचा भार मागे ठेवावा आणि एकट्या पुढच्या ब्रेकवर विसंबू नये.

तीन प्रकारची भूमी

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे आणि किनाऱ्यापासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंतचे अंतर जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर. एवढ्या थोड्या अंतरात भूमीचे रूप तीनदा पालटते. गोव्यातील शेतकरी जमिनीचे खाजन, खेर आणि मरड असे भेद पूर्वापार करीत आला आहे. सायकलस्वारासही साधारण याच क्रमाने प्रदेश भेटतो.

पहिला टप्पा नदीकाठचा. रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर उतरताच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याची खारफुटी दिसते. १.७८ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९८८ साली घोषित झाले. जुने गोवे येथून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जाता येते आणि बेट ओलांडून पुन्हा फेरीबोटीने नार्वे गाठता येते. मूळचे दिवाडीवरील सप्तकोटेश्वराचे देवस्थान पोर्तुगीज राजवटीत नार्वे येथे आले आणि छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्याचा जीर्णोद्धार करविला. ज्या पाण्यावरून देव पलीकडे गेला, त्याच पाण्यावरून आज प्रवासी जातो. या बेटांवरील वाटा सपाट असून नवशिक्यांना व शालेय मुलांना योग्य आहेत.

दुसरा टप्पा जांभ्याच्या सड्यांचा व त्यांच्या उतारावरील कुळागरांचा. जांभा उन्हात तापतो, चाकाखाली खडखडतो आणि त्याचे बारीक गोल खडे वळणावर चाक घसरवितात. म्हणून वळण येण्यापूर्वीच वेग कमी करावा. सांगे तालुक्यात रिवणजवळ कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्याच्या कातळावर प्रागैतिहासिक मानवाने कोरलेली चित्रे आहेत. १९९३ साली ती अभ्यासकांच्या दृष्टीस आली. बैल, हरिण, मानवाकृती आणि चक्रव्यूहासारखी वर्तुळे यांत दिसतात. कातळावर सायकल चढवू नये, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. हजारो वर्षे टिकलेली रेषा टायरच्या घर्षणाने झिजू शकते.

तिसरा टप्पा सत्तरी, धारबांदोडा, सांगे व काणकोण या तालुक्यांतील सह्याद्रीच्या पायथ्याचा. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात उगम पावून म्हादई नदी सत्तरीत उतरते आणि पुढे मांडवी म्हणून समुद्रास मिळते. तांबडी सुर्ल येथील कदंबकालीन महादेव मंदिर याच पट्ट्यात आहे. येथील बराच भाग म्हादई, भगवान महावीर व नेत्रावळी या अभयारण्यांत मोडतो. तेथे वन खात्याच्या परवानगीवाचून आडवाटेने शिरू नये आणि सूर्यास्तापूर्वी परतावे.

बांध : वाट नव्हे, भिंत

सायकलस्वारांना सर्वांत मोह पडतो तो खाजनांच्या बांधांचा. एका बाजूस नदी व खारफुटी, दुसऱ्या बाजूस हिरवे शेत आणि मधून जाणारी मऊ मातीची सरळ वाट. परंतु ही वाट म्हणून बांधलेली नाही, हे प्रत्येकाने ध्यानी ठेवले पाहिजे.

गोव्याच्या नद्यांत समुद्राची भरती आत दूरवर चढते. भरतीचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून माती, पेंढा व जांभा दगड यांचा बांध घातला जातो. बांधात ठिकठिकाणी मानस असते. मानशीचे लाकडी दार असे बसविलेले असते की, भरतीच्या पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटते आणि ओहोटीला आतील पाण्याच्या दाबाने उघडते. त्यामुळे पावसाचे जादा पाणी बाहेर जाते आणि खारे पाणी हिशेबानेच आत येते. आतील पोंयीत मासळी व कोळंबी वाढते, शेतात कोरगूट हे खारे सोसणारे भात पिकते. कोकणच्या मौर्य राजघराण्यातील अनिर्जितवर्मन याच्या बांदिवडे येथील ताम्रपटात खाजन जमिनीचा उल्लेख आढळतो. त्यावरून ही व्यवस्था किती जुनी आहे याची कल्पना येते. बांधांची राखण पूर्वी गावकारी म्हणजे कोमुनिदाद करीत असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ही जबाबदारी मुख्यतः कूळ संघांकडे आली.

बांधाला भगदाड पडण्यास मोठे कारण लागत नाही. खेकड्याचे बीळ, एखादी भेग किंवा चाकोरीत साचलेले पाणी एवढे पुरते. ओल्या बांधावरून सायकलींची रांग गेली की मधोमध चर पडतो; पावसाचे पाणी त्यात थांबते, वाट शोधते आणि माती घेऊन खाली उतरते. पुढल्या मोठ्या भरतीला नदी त्याच जागी धडक देते. एकदा खारे पाणी शेतात भरले की जमीन खारावते आणि पावसाने मीठ धुऊन जाईपर्यंत पीक हातचे जाते. एका कुटुंबाचा बांध फुटत नाही. फुटतो तो साऱ्या गावाचा.

म्हणून काही नियम पाळणे अगत्याचे आहे. पावसाळ्यात व माती ओली असेपर्यंत बांधावर सायकल नेऊ नये. कोरड्या दिवसांतही अरुंद बांधावर उतरून चालावे आणि एकामागे एक जावे. मानशीच्या फळ्यांवर सायकल चढवू नये व दाराला हात लावू नये. समोरून गवताचा भारा किंवा भाताची पोती घेऊन येणाऱ्यास आधी वाट द्यावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बांधावर पाऊल ठेवण्यापूर्वी जवळच्या शेतकऱ्यास विचारावे. तो नको म्हणाला तर वाद न घालता मागे फिरावे. बांध त्याच्या श्रमावर उभा आहे.

ऋतू व सुरक्षितता

जून ते सप्टेंबर या काळात गोव्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जांभ्यावर शेवाळ चढते आणि ओहोळ अचानक फुगतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ स्वारीस उत्तम होय. उन्हाळ्यात निघायचे झाल्यास पहाटे निघून दहाच्या आत परतावे. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा रोग गोचिडींमुळे पसरतो. म्हणून कोरड्या ऋतूत जंगलाच्या कडेला पालापाचोळ्यावर बसू नये, अंगभर कपडे घालावेत आणि ताप आल्यास विनाविलंब आरोग्य केंद्रात जावे. खनिजवाहू ट्रकांचे रस्ते टाळावेत. जवळ हेल्मेट, पुरेसे पाणी, जादा ट्यूब, पंक्चरचे सामान, हवेचा पंप व एक पान्हा असावा, आणि कोणत्या वाटेने जाणार हे घरी सांगून निघावे.

शाळा व पंचायतींना संधी

शिक्षकांच्या दृष्टीने अशी फेरी म्हणजे चालता वर्ग होय. भरती-ओहोटी, मानशीचे तंत्र, खारफुटी, जांभा व कातळचित्रे ही भूगोल, विज्ञान व इतिहास या तिन्ही विषयांची सामग्री एका सकाळच्या टप्प्यात सापडते. सहलीपूर्वी एखाद्या जाणत्या शेतकऱ्यास शाळेत बोलावून बांधाची माहिती त्याच्याच तोंडून ऐकविली, तर मुले वाटेवर डोळसपणे वागतील.

पंचायतींनीही आपल्या हद्दीतील कोणत्या वाटा सायकलसाठी खुल्या, कोणत्या केवळ पायी जाण्याजोग्या आणि कोणत्या बंद, हे कूळ संघ व शेतकऱ्यांशी बोलून ठरवावे व फलक लावावेत. पाहुण्यांना पेज, नारळपाणी, पाव-भाजी किंवा पंक्चर काढण्याची सोय गावातच मिळाली, तर चार पैसे गावात राहतील. प्रत्येक पाणंदीवर डांबर घालणे हीच प्रगती, असे मानण्याची गरज नाही. दवाखान्याकडे, शाळेकडे व बाजाराकडे जाणारा रस्ता पक्का हवाच. परंतु शेतातून, कुळागरातून व नदीकाठाने जाणारी एखादी वाट मातीची राहिली, तर ती गावाची उणीव नसून ठेव आहे.

अशा वाटेवरून जाणाऱ्याने मागे चाकाची पुसट रेघ ठेवावी. चर ठेवू नये. एवढे पथ्य पाळले गेले, तर सायकलस्वारास प्रदेश दिसेल आणि शेतकऱ्याचा बांध पुढील भरतीसही तितकाच भक्कम उभा राहील.