दारातच अडवायचं, पण केव्हा?

2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीनं ब्रिजमध्ये सुवर्णपदक मिळवलं, तेव्हापासून लोक मला विचारतात, ‘या खेळात असतं तरी काय हो?’ मी सांगतो, निम्मा खेळ पान टाकण्याआधीच, बोलीत होऊन जातो.

बोली म्हणजे किती हात करणार याचं वचन. ‘तीन बदाम’ म्हटलं की बदाम हुकूम आणि तेरापैकी सहा अधिक तीन, म्हणजे नऊ हात करायचे. चांगली पानं असलेला माणूस हळूहळू वर चढतो, कारण त्याला भिडूशी बोलायचं असतं. पण कधी कधी पानं वाईट असूनही एकदम तीनवर उडी मारायची असते. तिला म्हणतात प्रीएम्प्ट. दोन शेजारी निवांत बोलत बसणार असतील, तर आपण आधीच दारात आडवं पडायचं!

समजा, तुमच्याकडे बदामाचे राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि तीन लहान पानं आहेत. बाकी सगळी रद्दी. भिडूकडे काहीही नसलं तरी बदाम हुकूम केल्यावर सहा हात तुमचे. तीन कमी पडले आणि प्रतिस्पर्ध्यांनी डबल दिली, तर दंड 500. ते ‘व्हल्नरेबल’ असतील, म्हणजे ज्या डावात बक्षीस आणि दंड दोन्ही वाढतात त्या स्थितीत असतील, तर चार इस्पिक करून त्यांना 620 मिळाले असते. म्हणजे हरूनही तुम्ही 120 वाचवले. मात्र व्हल्नरेबल तुम्हीच असाल तर तेच तीन हात 800 ला पडतात. म्हणून जुना हिशेब असा, की व्हल्नरेबल असताना दोन हातांपेक्षा जास्त आणि नसताना तीनपेक्षा जास्त कमी पडू नयेत. आम्ही तरुणपणी हा हिशेब पाठ केला आणि दुसरी गोष्ट विसरलो: आपण कितव्या जागेवर बोलतोय?

तिसऱ्या जागेवर धाडस करावं. भिडूनं आधीच पास दिलेला असतो, त्याच्याकडे फारसं काही नाही हे ठाऊक असतं. मोठी पानं बहुधा डाव्या हाताला, अजून न बोललेल्या माणसाकडे. त्याचीच वाट अडवायची. पहिल्या जागेवरही ठीक, कारण अडवायला दोघं आहेत आणि भिडू एकच. पण दुसऱ्या जागेवर सांभाळून. एक प्रतिस्पर्धी पास देऊन मोकळा झालेला असतो. उरलेल्या दोघांत तुमचा भिडू असतो. चौथ्या जागेवर तर प्रश्नच नाही, पास देऊन डाव मिटवता येतो.

हे मला एका सांघिक सामन्यात कळलं. दोन्ही बाजू व्हल्नरेबल, माझ्या आधीच्यानं पास दिला. माझ्याकडे चौकटची सात पानं, पण वर नुसते राणी-गुलाम. शिवाय इस्पिकची तीन पानं. मी ऐटीत म्हटलं, ‘तीन चौकट’. समोर भिडूकडे वीस गुणांची पानं! व्हल्नरेबल असताना, दुसऱ्या जागेवर बोललाय, म्हणजे चौकट भक्कम असणार, असा त्यानं विश्वास ठेवला आणि ‘तीन नो ट्रम्प’ म्हटलं. त्याच्याकडे चौकटचा एकटा एक्का. तो वाजवला आणि माझ्या बाकी चौकटी मेजावर तशाच मेल्या, कारण माझ्या हातात पोचायला एकही पान नव्हतं. दोन हात कमी, दंड 200. दुसऱ्या मेजावर माझ्या जागी बसलेल्यानं शहाणपणानं पास दिला. त्याच्या भिडूला इस्पिकचा मेळ सापडला आणि चार इस्पिक सहज झाले. 620 आणि 200 मिळून 820, म्हणजे सामन्याच्या हिशेबात 13 गुण गेले. सामना आम्ही पाच गुणांनी हरलो.

भिडू रागावला नाही. त्यानं फक्त माझी पानं उचलली, इस्पिकची तीन वेगळी काढून माझ्यासमोर ठेवली आणि चहा सांगायला उठला.