दूरचें युद्ध आणि घोडनदीचा बाजार

परराष्ट्रांच्या राजकारणाचा विषय निघाला कीं माजघरांतून बहुधा एकच प्रश्न येतो: त्यांच्या भांडणाशीं आपल्याला काय करावयाचें आहे? प्रश्न हेटाळण्यासारखा नाहीं. कौटिल्यानें राजमंडल सांगितलें तेंही शेजाऱ्यापासून आरंभ करून. सीमेला लागून असलेला तो शत्रु, त्याच्या पलीकडला तो मित्र, अशी ती मांडणी आहे. सात समुद्रांपलीकडच्या राजास तींत स्थान नाहीं. परंतु माल आगबोटींतून आणि आगगाडींतून जाऊं लागल्यापासून शेजार या शब्दाचा अर्थच पालटला. तो कसा पालटला हें पाहण्यास लंडन-वॉशिंग्टनपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. पुणें जिल्ह्याचा पूर्वभाग, म्हणजे शिरूर व दौंड हे दोन तालुके, तेवढ्यास पुरेसे आहेत.

एप्रिल १८६१ मध्यें अमेरिकेंतील चार्ल्स्टन बंदरांत पहिली तोफ सुटली. गुलामगिरीच्या वादांतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांचीं बंदरें प्रेसिडेंट लिंकन यांनीं आरमाराकरवीं कोंडून टाकलीं. लँकेशायरच्या गिरण्या तोंपर्यंत मुख्यत्वें याच दक्षिणेच्या कापसावर चालत. अमेरिकेहून इंग्लंडांत येणाऱ्या गांठी एरवींच्या २० लाखांवरून १८६२ सालीं अवघ्या ५५ हजारांवर आल्या. गिरणीवाल्यांची दृष्टि साहजिकच मुंबईकडे वळली आणि कापसाला सोन्याचा भाव आला.

आतां कोणी म्हणेल, शिरूर-दौंडकडे कापूस पिकतो किती? अगदींच बेताचा. हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला, बाजरी-ज्वारीचा. तथापि पैशाचा स्वभाव पाटाच्या पाण्यासारखा आहे. एके ठिकाणीं सोडला तरी ओल दूरवर जाते. आगगाडी १८५८ सालीं पुण्यास आली व तेथून दौंडवरून सोलापूरच्या दिशेनें निघाली. (रेल्वेच्या जुन्या कागदांत दौंडचें नांव ‘धोंड’ असें आढळतें. साहेबाच्या जिभेनें आमच्या गांवांचे जे हाल केले त्यांत हा सौम्यच म्हणावयाचा.) १८६३ सालीं बोरघाटाचा मार्ग पुरा होऊन ही वाट थेट मुंबई बंदराला जोडली गेली. रूळ टाकण्याच्या कामावर रोख मजुरी मिळे, धान्याचे भाव चढले, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे कर्ज सुलभ झालें. मुंबईचा व्यापारी पेठेंतल्या सावकारास उचल देई, पेठेंतला खेड्यांतल्यास, आणि खेड्यांतला कुणब्यास. चार वर्षें कोणी कोणास नाहीं म्हटलें नाहीं.

एप्रिल १८६५ मध्यें अमेरिकेंतलें युद्ध संपुष्टांत आलें. त्याच वर्षाच्या १ जुलै रोजीं मुंबईच्या शेअरबाजाराचे वायदे कोसळले. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे कुबेर हवालदिल झाले. ती कथा पुष्कळांस ठाऊक आहे. खेड्यांतली कथा मात्र कमी सांगितली जाते, कारण तींत एका दिवसांत कांहींच कोसळलें नाहीं. पेढीनें उचल थांबविली म्हणून सावकारानें हात आंखडला, एवढेंच प्रथम दिसलें.

माझ्या मतें या इतिहासाचें वर्म पुढेंच आहे. मुंबई इलाख्यांतील जमिनीची तीस सालांची पाहणी प्रथम इंदापुरांत १८३६ च्या सुमारास झाली होती. तिची मुदत भरली ती नेमकी १८६६-६७ च्या सुमारास. युद्धाच्या दिवसांतले चढे भाव अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ताजे होते. तेव्हां नवा सारा आंकारतांना कोठें दीडपट, कोठें दुप्पट वाढ करण्यांत आली, आणि ती पुढच्या तीस वर्षांसाठीं. भाव उतरला, सारा उतरला नाहीं! रयतेवर संकट आलें तें केवळ भाव पडल्यानें नव्हे. भाव तर नेहमींच चढतात-उतरतात. सुगीच्या वर्षांकडे पाहून बांधून घेतलेलें देणें अवर्षणाच्या वर्षांत फेडावें लागलें, म्हणून तें आलें. त्यांत १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें खत तीनच वर्षें चालूं लागलें. कायदा केला होता रयतेच्या कनवाळूपणानें. सावकारानें दर तीन वर्षांनीं व्याज मुदलांत मिळवून नवें खत लिहून घेण्यास आरंभ केला. १८७० सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनें सारावाढीविरुद्ध गाऱ्हाणें मांडलें. १८७४ सालीं सरकारनें एका तालुक्याची वाढ शेंकडा ३३ हून अधिक असूं नये असें ठरविलें खरें, पण तोंवर उशीर झाला होता.

त्याच सालाच्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील कर्डे येथें काळूराम नांवाच्या सावकारानें बाबासाहेब देशमुख यांजवर सुमारें दीडशें रुपयांच्या देण्यापायीं हुकूमनामा मिळविला, आणि अखेर त्यांचें घर पाडलें. गांवानें सावकारांस वाळींत टाकलें. त्यांची शेतें कोणी करीना, न्हावी हजामत करीना, परीट धुणें नेईना. पुढें १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत आगडोंब उसळला. सुपें आज बारामती तालुक्यांत मोडतें. त्या काळीं तें भीमथडींत होतें, आणि आजच्या दौंड तालुक्याचा मुलूखही भीमथडींतच. लोकांनीं दुकानें लुटलीं, परंतु त्यांचा खरा डोळा होता तो खतांवर आणि वह्यांवर. कागद मुकाट्यानें हवालीं केले तेथें बहुधा माणसास धक्का लागला नाहीं. दंगा पुणें व नगर या जिल्ह्यांत पसरला, ९५१ लोक पकडले गेले, चौकशीस कमिशन बसलें, आणि १८७९ सालीं दक्षिणेच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

या प्रकरणीं सावकारास शिव्याशाप देण्याचा प्रघात आहे. त्याचा लोभ व त्याच्या लबाड्या कोणी नाकारीत नाहीं. तथापि ज्या सांखळींतली तो शेवटची कडी होता, तिचें दुसरें टोंक मँचेस्टरांत होतें. वह्या जाळणाऱ्यांच्या हातीं ही शेवटचीच कडी लागत होती.

या घटनेस आतां दीडशें वर्षें उलटून गेलीं. कापसाची जागा येथें कांदा आणि ऊस यांनीं घेतली आहे. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली. ती बंदी ४ मे २०२४ रोजीं उठली, तीही किमान निर्यातमूल्य आणि शेंकडा ४० शुल्क यांचें जोखड ठेवून. मधल्या काळांत दौंड तालुक्यांतील केडगांवच्या बाजारांत माल टाकणाऱ्या सामान्य शेतकऱ्यास परदेशाची वाट बंद होती. परंतु मार्च २०२४ मध्यें बांगलादेशास ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीस १४,४०० टन कांदा देण्याची मोकळीक सरकारनें स्वत:च दिली. मित्रराष्ट्राची विनंती आली कीं दार किलकिलें होतें, शेतकऱ्याची आली तर होत नाहीं, असें एखाद्यानें म्हटल्यास त्यास काय उत्तर द्यावें? शहरांतल्या गृहिणीस स्वस्त कांदा हवा, हेंही तितकेंच खरें आहे, आणि ती गृहिणी आपल्याच घरांतली आहे. निर्यातशुल्क पुरतें गेलें तें १ एप्रिल २०२५ रोजीं.

उसाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. देशाला लागणारें खनिज तेल बव्हंशीं बाहेरून येतें. रशिया-युक्रेन युद्ध फेब्रुवारी २०२२ मध्यें पेटलें, तेव्हां तर तेलाची चिंता आणखीच वाढली. पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचें धोरण त्या आधींपासूनच चालू होतें, आणि त्याच्या भरंवशावर साखर कारखान्यांनीं कर्जें काढून आसवन्या उभारल्या वा वाढविल्या. दौंड-शिरूरच्या उसाचें भवितव्यही त्यामुळें तेलाशीं जोडलें गेलें. पण कांद्याची निर्यात थांबली त्याच सुमारास, ७ डिसेंबर २०२३ रोजीं, साखर कमी पडेल या भयानें उसाच्या रसापासून इथेनॉल काढण्यास मनाई झाली. आठवड्याभरानें ती थोडी सैल झाली, आणि पुढल्या हंगामापुरती ऑगस्ट २०२४ मध्यें उठली. आसवन्यांच्या कर्जांचे हप्ते मात्र मधल्या महिन्यांतही ठरल्या तारखेसच येत होते.