कुलूप एक, कागद हजार
सुरतेच्या हिरे आणि कापड व्यापारात बिले, पगारपत्रके व ग्राहकांची ओळखपत्रे आता पीडीएफ स्वरूपात साठतात. खजोद येथे १७ डिसेंबर २०२३ रोजी उद्घाटन झालेल्या, चार हजारांहून अधिक कार्यालये असलेल्या डायमंड बोर्सचा विचार केला, तर अशा फायली एकेक करून बंद करणे किती अव्यवहार्य आहे हे ध्यानात येते. म्हणून क्यूपीडीएफसारखे मोफत साधन आणि संगणकाने क्रमाने पाळायच्या सूचनांची छोटी यादी वापरून अख्खा फोल्डर एकदम कूटबद्ध केला जातो, म्हणजेच किल्लीवाचून न उलगडणाऱ्या रूपात बदलला जातो. त्यामागील एईएस ही पद्धत दोन बेल्जियन संशोधकांनी रचली आणि अमेरिकेने ती २००१ मध्ये प्रमाण मानली.

पीडीएफला दोन पासवर्ड असतात: एक फाइल उघडण्याचा, दुसरा केवळ छपाई किंवा नक्कल रोखणारा. यातला दुसरा एकटाच लावणे जवळजवळ निरर्थक आहे, कारण तो पाळायचा की नाही हे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मर्जीवर राहते. अनेक फायली एकाच पासवर्डबंद गठ्ठ्यात बांधायच्या, तर झिप फाइलमध्ये मजकूर लपला तरी आतल्या फायलींची नावे सहसा उघडीच दिसतात; सेव्हन-झेड या गठ्ठ्याच्या प्रकारात मात्र तीही झाकता येतात.

खरा कच्चा दुवा पासवर्डाचाच असतो. ई-आधारप्रमाणे नावाची पहिली चार अक्षरे व जन्मवर्ष जोडण्याची रीत कार्यालयांनी उचलली, तर नाव ठाऊक असलेल्याला शंभरेक वर्षेच तपासावी लागतात, आणि हे काम संगणक क्षणार्धात उरकतो.