सीमेपलीकडचा बाजार
बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, जळगाव जामोदच्या पुढे सातपुडा आणि त्याच्यामागे लगेच मध्य प्रदेश. तिकडचा मोठा बाजार म्हणजे तापीकाठचं बऱ्हाणपूर. यंत्रमागाचं कापड, केळी, दराबा आणि काळपट मावा जलेबी. (नुसता किराणा घेऊन परतलो, असं कुणी सांगितलं तर पिशवी तपासावी.) टेक्सासवाले मेक्सिकोतून बाजार करून परतताना पासपोर्ट दाखवतात, इथे फक्त पाट्यांवरची मराठी जाऊन हिंदी येते. शिवाय ही सीमा १९५६ची. तोवर बुलढाणा आणि बऱ्हाणपूर एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. १ जुलै २०१७पासून जीएसटीमुळे साबण-चहापत्तीवरचा कर दोन्हीकडे सारखाच. पेट्रोलवर मात्र ज्या-त्या राज्याचा व्हॅट, त्यामुळे टाकी कुठे भरायची याचा हिशेब अजून होतो.